पालथी वाटी

"नीलाताई, ही जांभळी बरी दिसंल का ही मोतिया?"

सोपानराव दोन्ही हातांवर दोन शाली टाकून वाचनालयाच्या दारात उभे होते. संध्याकाळी जिचा सत्कार करायचा, तिलाच सकाळी शालीचा रंग विचारायला येणारा अध्यक्ष अख्ख्या पिंपरीत एकच असेल, आणि तो नीलाताईंच्या वाट्याला आला होता.

"तुम्हाला आवडेल ती घ्या की," नीलाताई म्हणाल्या. त्यांच्या एका हातात डिंकाची बाटली होती आणि दुसऱ्या हातात एका गोष्टीच्या पुस्तकाचं सुटलेलं पान. नोकरीचा शेवटचा दिवस आहे म्हणून पानं सुटायची थोडीच थांबतात?

"अवो, मला आवडून काय उपेग? पांघरायची तुमी." सोपानरावांनी जांभळी शाल खिडकीच्या उजेडात धरली, मग परत घडी घातली. "मोतियाच घिऊ. जांभळी मागल्या म्हयन्यात येका पैलवानाला घातली. फोटूत परत त्योच रंग नको."

सोपानराव कासारवाडीच्या जुन्या घराण्यातले. वडिलांच्या वेळी अर्धी शेतं कारखान्यांखाली गेली, त्यांच्या स्वतःच्या वेळी उरलेली रस्त्याखाली गेली. आता त्यांची चार मजली इमारत आहे, खाली दुकानं आहेत. पण इमारतीच्या मागे, शहाण्या माणसाने जिथे भाडेकरूंच्या गाड्या लावल्या असत्या तिथे, त्यांनी पत्र्याचा गोठा घालून दोन म्हशी बांधल्या आहेत. बायको, सुना, नातवंडं, सगळ्यांनी सांगून पाहिलं. "पिशवीच्या दुधावर काय साय येती? कागुद येतो, कागुद," एवढंच ते म्हणतात आणि बादली घेऊन गोठ्यात जातात. संत तुकाराम नगरातल्या या श्रमदीप वाचनालयाचे ते अनेक वर्षं अध्यक्ष होते. पुस्तक त्यांनी क्वचितच उघडलं असेल, पण छप्पर गळलं, पंखा पडला, वीज गेली की सगळ्यात आधी तेच हजर. त्यांना हौस एकाच गोष्टीची होती, सत्कारांची. वाचनालयाच्या लोखंडी कपाटात शब्दकोश खालच्या खणात होते आणि शाली वरच्या.

"सोमवारपास्नं मिस्त्री येतोय," ते जाता जाता म्हणाले. "त्या कोपऱ्यात केबिनी बसवायच्या. पोरं परीक्षांचा अभ्यास कराया जागा मागत्यात, लई दिस झालं."

त्या कोपऱ्यात नीलाताईंची सतरंजी होती. दर शनिवारी चार वाजता तिथे वस्तीतली मुलं जमायची आणि नीलाताई गोष्ट सांगायच्या. गेला आठवडाभर पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना त्यांनी एकच वाक्य मनात घोळवलं होतं: सोपानराव, मी निवृत्त झाले तरी शनिवारी येऊन गोष्ट सांगत जाईन, चालेल ना? एवढं साधं वाक्य. ते आत्ता अगदी ओठांवर आलं.

"मिस्त्री जरा जपून काम करणारा बघा," त्या म्हणाल्या.

"व्हय व्हय," म्हणत सोपानराव शाली काखेत मारून गेले. नीलाताईंनी पान नीट बसवलं, पुस्तकावर वजन ठेवलं आणि स्वतःवरच चिडल्या.

शालीशी त्यांचं वाकडं होतं, आणि ते आजचं नव्हतं.

त्यांचे वडील किसन वाघमारे धाराशिवकडून पोटापाण्यासाठी इकडे आले आणि एका फाउंड्रीत लागले. थर्ड शिफ्ट त्यांच्या गळ्यात पडली ती कायमचीच. नीला उठायच्या आधीच आबा येत, ती शाळेतून परत येई तेव्हा भिंतीकडे तोंड करून झोपलेले असत, आणि तिचा अभ्यास चालू असताना डबा घेऊन निघून जात. एका खोलीच्या घरात दिवसा सगळ्यांनी कुजबुजत बोलायचं. बाप म्हणजे एक गोधडी, जिला धक्का लागू द्यायचा नाही. पण तुटलेल्या चपलेचा अंगठा सकाळी शिवलेला असे. स्टोव्हचा बर्नर पिनने साफ केलेला असे. पाटीची निखळलेली चौकट तारेने घट्ट बांधलेली असे. हे सगळं आबा कधी करत, कुणी पाहिलं नव्हतं. एकदाच ती लवकर उठली, तर दाराशी बसून ते तिच्या दप्तराचा बंद शिवत होते. "आबा, काय करायलाव?" तिने विचारलं. "काई न्हाई करायलो. झोप गं लेकरा," ते म्हणाले, जसं काही चोरीच पकडली गेली होती.

मग ते निवृत्त झाले. कंपनीने शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. "मोकळं केलं मला," घरी आल्यावर ते म्हणाले. त्यानंतर रोज शिफ्टच्या वेळेला ते भांग पाडून, इस्त्रीचा सदरा घालून उंबऱ्यावर बसत. कधी चालत चालत गेटपर्यंत जात, टपरीवर चहा पीत आणि परत येत. ओळखीचे लोक आधी थांबत, नंतर नुसता हात करत. असं फार दिवस चाललं नाही. एका पावसाळ्यात ते गेले, आणि शाल पिशवीतून एकदाही बाहेर न निघता ट्रंकेत राहिली. नीलाताईंना तेव्हापासून वाटायचं की कुणाच्या खांद्यावर शाल पडली की त्या माणसाला हळूच दाराबाहेर काढलं जातं. आणि गेटपाशी घुटमळणाऱ्या आबांना पाहिलेल्या मुलीला, निवृत्तीनंतर मला येऊ द्या, असं तोंड उघडून मागणं जमत नव्हतं.

आबा गेले त्या पावसाळ्यानंतरच्याच हिवाळ्यात वाचनालयाच्या दाराशी एक रिक्षा थांबली होती आणि त्यातून एक गोरी, चेहऱ्यावर तीळच तीळ असलेली, सलवार-कमीज घातलेली बाई एक खोकं घेऊन उतरली होती. ही मॅकलिनबाई. तिचा नवरा स्कॉटलंडहून हायवेवरच्या एका कारखान्यात मशिन बसवायला आला होता. मशिन बसलं, दोघं घरी निघाली होती, आणि पुस्तकं विमानात जड होणार होती.

"विंग्रजी पुस्तकं हितं कोन वाचनार? रद्दीवाल्याला देऊन टाका," तरुण सोपानराव तेव्हा म्हणाले होते. त्यांचं काही चुकलं नव्हतं. नीलाताईंनाही इंग्रजीने बीएला ढकलत ढकलतच पुढे पाठवलं होतं. पण त्या बाईने खोक्यातून हिरव्या कापडी बांधणीचं एक जुनं पुस्तक काढलं, माझ्या आजीच्या गावच्या गोष्टी आहेत असं सांगितलं आणि सरळ सतरंजीवर मांडी ठोकून एक गोष्ट सांगायला लागली. निम्मी गोष्ट इंग्रजीतून कळली, निम्मी तिच्या हातांतून. ती गेल्यावर नीलाताई मांडीवर शब्दकोश घेऊन बसल्या आणि एकेक ओळ उकलत ती गोष्ट पुन्हा वाचली. वाचताना मध्येच त्यांना रडू कोसळलं, कारण त्या परक्या देशातल्या पुस्तकात त्यांना आबा भेटले.

रात्री गुपचूप घरकाम करून जाणारा एक बुटका, पुस्तकात त्याचं नाव ब्राउनी होतं. संत तुकाराम नगरातल्या पोरांना ते काय कळणार? नीलाताईंनी त्याचं नाव ठेवलं थर्ड शिफ्टवाला, आणि मग कुणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही.

"डोंगराच्या कुशीत एक घर होतं," त्या सांगायच्या. "घरात माणसं थोडी आणि काम रगड. पण रोज सकाळी उठून बघावं तर काम झालेलं. धान्य मळून-उफणून ठेवलेलं, चुलीपाशी सरपण रचलेलं, ताक घुसळून लोणी काढलेलं. करतो कोण? तर हा थर्ड शिफ्टवाला. उंचीला माझ्या गुडघ्याएवढा, अंगभर केस, कमरेला फाटकं पोतं. सगळे झोपले की याची पाळी सुरू. त्याचं मागणं एकच. चुलीपाशी वाटीभर सायीचं दूध आणि भाकरीचा तुकडा ठेवायचा, आणि ठेवून विसरून जायचं. डोकावून बघायचं नाही. आभार मानायचे नाहीत. अशी कितीतरी वर्षं गेली. मग एका कडाक्याच्या थंडीत घरच्या बाईला त्याची दया आली. तिने त्याच्या मापाचा एक छान लोकरी कोट शिवला आणि वाटीशेजारी ठेवला. त्याने कोट घातला, अंगणात आनंदाने एक गिरकी घेतली, आणि गेला. तो गेला तो परत कधी आला नाही."

पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली तेव्हा मुलं रुसली होती. "का गेला? कोट आवडला नाही का त्याला?"

"आवडला ना. पण त्याला वाटलं, कोट दिला म्हणजे आता आपल्याला मोकळं केलं."

मागच्या भिंतीला टेकून बसलेला, नाक ओढणारा प्रज्वल शेळके तेव्हा म्हणाला होता, "माझ्या आजोबांसारखं. त्यांना कंपनीने शाल दिली आणि दुसऱ्या दिवसापासून गेटच्या आतच घेत नाहीत."

नीलाताईंनी घाईघाईने दुसरी गोष्ट काढली होती.

त्या पुस्तकातल्या सगळ्या गोष्टी त्यांनी एकेक करून पिंपरीत आणल्या. तिथल्या तळ्यातून निघणारा, पाठीवर बसलेल्या मुलांना पाण्यात ओढून नेणारा काळा घोडा त्यांनी पवनेच्या डोहात ठेवला, आणि त्यानंतर उन्हाळ्यात एकटं नदीवर जायला एकही पोर धजेना. आया येऊन दुवा देऊन गेल्या. डोंगराएवढे राक्षस देहूरोडच्या माळावर राहायला आले. "स्कॉटलंड तळेगावच्या पुढे आहे का?" असं एकाने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बरंच पुढे." मुलं बदलत गेली, जुन्या मुलांची मुलं येऊन बसायला लागली, पण कुठली गोष्ट सांगू असं विचारलं की सतरंजीवरून हमखास एक आवाज यायचा: थर्ड शिफ्टवाला.

संध्याकाळी वाचनालय माणसांनी भरून गेलं. खुर्च्यांवर मोठी माणसं, पुढे सतरंजीवर मुलं. नीलाताई ठेवणीतली निळी साडी नेसून टेबलामागे बसल्या होत्या. त्यांचे यजमान नागसेन, हयात वेल्डिंगमध्ये घालवलेला माणूस, मागच्या रांगेत अवघडून बसले होते. ग्रंथपालपदाचा ताबा घ्यायला आलेली तेजस्विनी धावपळ करत होती. ती हुशार मुलगी होती, कॉम्प्युटर शिकलेली. तिच्याबद्दल मनात वाकडं काही आणावं असं नीलाताईंनी ठरवलं असतं तरी जमलं नसतं.

प्रमुख पाहुणे उशिरा आले. कंपनीचा करडा युनिफॉर्म अंगात, छातीवर नावाची पट्टी.

"सॉरी ताई, फर्स्ट शिफ्ट सुटली आणि मोशीला ट्रॅफिकमध्ये पार अडकलो," प्रज्वल शेळके वाकून पाया पडत म्हणाला. नाक ओढणारा प्रज्वल आता चाकणच्या मोठ्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होता, म्हणूनच सोपानरावांनी त्याला निवडला होता. वाचनालयाचा जुना वाचक, आता सायब.

सोपानराव बोलायला उभे राहिले आणि बराच वेळ बोलले. वाचनालयाचं छप्पर, पंखे, जुना पाण्याचा नळ, सगळ्यांचा उल्लेख झाला. अधूनमधून नीलाताईंचंही नाव येत होतं. शेवटी ते म्हणाले, "आता प्रज्वल सायबांच्या हस्ते ताईंना शाल-श्रीफळ देऊन आपुन त्यांला निरोप देऊ."

तेजस्विनीने तबक पुढे केलं. नीलाताई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी मान खाली घातली. आता घालून घ्यायची, हसायचं, घरी जायचं, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. प्रज्वलने मोतिया शाल उचलली आणि घडी मोडली.

तशी सतरंजीवर गडबड उडाली. मुलं एकमेकांना ढोसायला लागली. दोन वेण्या घातलेली छोटी मैत्री, जिचे वडील स्वतः लहानपणी याच सतरंजीवर बसलेले, ती उठून उभीच राहिली.

"काका, नका घालू. घातली की ताई जाणार."

"ए, बस खाली," कुणीतरी दटावलं. पण प्रज्वलचे हात त्याआधीच थांबले होते. तो शालीकडे बघत राहिला. मग त्याने तिची होती तशी घडी केली आणि परत तबकात ठेवली.

"अध्यक्षसाहेब, माझ्याच्याने हे होणार नाही."

"का वो?" सोपानराव गोंधळले. "रंग पसंत न्हाई का?"

कुणीतरी हसलं. प्रज्वल हसला नाही.

"रंग चांगला आहे. पण ताईंनीच सांगितलंय आम्हाला, असं अंगावर घातलं की माणूस निघून जातो." त्याने माइक हातात घेतला, मग कसं सुरू करावं न कळून परत खाली केला आणि नुसत्या आवाजातच बोलायला लागला. "माझे बाबा फोर्जिंगला होते. कायम थर्ड शिफ्ट. लहानपणी मला त्यांचा खूप राग यायचा, खरं सांगतो. कधी बघावं तेव्हा झोपलेले. शाळेत कधी आले नाहीत, कुठे फिरायला नेलं नाही. आई सारखी म्हणायची, आवाज करू नको. मला वाटायचं, हा माणूस आपल्या घरात राहतोच कशाला? मग ताईंनी ती गोष्ट सांगितली. घरी गेलो आणि पहिल्यांदाच बघितलं, माझ्या सायकलची चेन बसवलेली होती. मी कुणाला सांगितलंही नव्हतं ती पडलीये म्हणून."

त्याने हातातला माइक टेबलावर ठेवून दिला.

"त्या दिवसापासून झोपायच्या आधी मी स्टोव्हपाशी वाटीत दूध आणि भाकरीचा तुकडा झाकून ठेवायला लागलो. आईला वाटलं, पोराला खूळ लागलं. बाबा सकाळी कामावरून यायचे, आम्ही झोपलेलो असायचो. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी बोललो नाही. पण उठल्यावर बघावं तर वाटी धुऊन, पुसून, पालथी घातलेली असायची. नोकरी संपेपर्यंत हे चाललं आमचं. दोघांत बोलणं तसं कमीच होतं, पण राग गेला तो गेलाच. मागच्या वर्षी ते वारले तेव्हा आईने ती वाटी मला दिली." तो नीलाताईंकडे वळला. "ताई, तुमच्यामुळे मला बाप मिळाला. आता तुम्हाला मी शाल घालून घालवून देऊ?"

नीलाताईंना समोरचं काही दिसेना. आबांच्या पुढे अशी वाटी त्यांनी कधी ठेवली नव्हती. ती गोष्ट हाती आली तोवर ठेवायला आबाच उरले नव्हते. पण गोष्ट थांबली नव्हती. ती शेळक्यांच्या स्टोव्हपाशी गेली होती, आणि एका दमल्या माणसाने सकाळी घरी येऊन झाकण उचललं होतं. त्यांचं मन इतकं भरून आलं की कुणाकुणाचे उपकार मानावेत ते त्यांना कळेना. त्या मॅकलिनबाईचे, तिच्या आजीचे, या पोराचे, का उंबऱ्यावर भांग पाडून बसणाऱ्या आबांचे?

"ते समदं खरं," सोपानराव म्हणाले. "पर शाल न्हाई घातली तर सत्कार पुरा कसा हुयाचा?"

"पुरा करूच नका," प्रज्वल म्हणाला.

नीलाताईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी काही बोलत नाही. आभार मानायचे नाहीत, असं त्या गोष्टीत आहे." आणि बसल्या. टाळ्या पडल्या, पेढे वाटले गेले, नारळ फोडून मुलांना खोबरं दिलं. नारळाने कुणी जात नाही, याबद्दल मैत्रीची खात्री पटली होती.

शाल मात्र तबकातच राहिली, आणि सोपानराव एरवीसारखे शेवटपर्यंत थांबले नाहीत. "म्हशींची येळ झाली," म्हणाले आणि कुणाकडे न बघता निघून गेले. नीलाताईंना वाटलं, दुखावला माणूस. आयुष्यभर इतक्या लोकांना शाली घातल्या, आणि घरच्याच सत्काराला असा घोळ झाला. सगळे पांगल्यावर त्यांनी सतरंजी झटकली, गुंडाळली आणि नागसेनांच्या मदतीने माळ्यावर टाकली. सोमवारी मिस्त्री येणार होता. तेजस्विनीच्या हातात किल्ल्या दिल्या. शनिवारबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, आणि त्यांनीही काढला नाही.

तो आठवडा लांबलचक गेला. नीलाताईंनी घरातले डबे घासले, पडदे धुतले, आणि मग डबे पुन्हा घासायला काढले.

"अगं, सरळ विचारायचं होतंस की सोपानरावांना," नागसेन म्हणाले.

"त्यांना कुणालाच नाही म्हणता येत नाही. म्हणून तर नाही विचारलं."

"आणि आता?"

"आता काय? केबिनी झाल्या असतील."

शनिवारी दुपारी पर्स आवरताना त्यांना टेबलाच्या खणाची एक छोटी किल्ली सापडली. नागसेनांनी ती बघितली, बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "फार महत्त्वाची दिसतेय. लगेच नेऊन दे." त्या खणाला कधीच कुलूप लागत नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. नीलाताईंनी साडी बदलली.

रस्ता रोजचाच, पण पावलं वेगळी पडत होती. आपणही आता गेटपाशी चहा प्यायला निघालो, असं त्यांच्या मनात आलं आणि एका वळणावर त्या परत फिरणारही होत्या. किल्लीने त्यांना पुढे नेलं.

वाचनालयात भुशाचा आणि फेव्हिकॉलचा वास भरला होता. प्लायवूडच्या नव्या केबिनी झाल्या होत्या, पण त्या कोपऱ्यात नव्हत्या. मागच्या भिंतीला एकीला एक चिकटवून, जरा दाटीवाटीनेच बसवल्या होत्या. कोपरा मोकळा होता. माळ्यावरची सतरंजी खाली आली होती. कुणीतरी ती चांगली धुऊन, वाळवून अंथरली होती. इतक्या वर्षांत तिचा लाल पट्टा इतका लाल नीलाताईंनी पाहिला नव्हता.

सतरंजीवर, गोष्ट सांगताना पुढ्यात असायच्या त्या बैठ्या डेस्कावर एक स्टीलची वाटी होती, वर ताटली झाकलेली. शेजारी फडक्यात बाजरीच्या भाकरीचा तुकडा. त्यांनी ताटली उचलली. दुधावर बोटभर जाड, पिवळसर, सुरकुतलेली साय होती. तशी साय पिशवीच्या दुधावर येत नाही.

"तेजस्विनी, हे कुणी ठेवलं?"

"मला काही माहीत नाही हं, ताई. मी जेवून आले तेव्हा होतंच," तेजस्विनी म्हणाली आणि कॉम्प्युटरच्या पडद्यात एवढी डोकं घालून बसली की पडदा बंद आहे हेही तिच्या लक्षात आलं नाही.

"आणि मिस्त्रीला कोपरा सोडायला कुणी सांगितलं?"

"ते पण नाही माहीत."

नीलाताई खिडकीपाशी गेल्या. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीजवळ सोपानराव स्कूटरवर बसले होते. वाचनालयाकडे पाठ करून, मान ताठ ठेवून, समोरच्या भिंतीवरची जाहिरात वाचत असल्यासारखे. चहावाल्याने त्यांना काहीतरी विचारलं तर त्यांनी मान न वळवताच हात हलवला. त्या दिवशी माणूस दुखावून गेला नव्हता तर. गोष्ट ऐकून गेला होता, आणि डोकावून बघायचं नाही हे त्याच्या पक्कं लक्षात राहिलं होतं.

हाक मारावी असं त्यांच्या अगदी तोंडावर आलं. त्यांनी ती गिळली.

त्या सतरंजीवर बसल्या. भाकरी दुधात कुस्करली आणि सावकाश खाल्ली, सगळी. खाताना आबांची आठवण आली, पण आज ती टोचली नाही. शेजारी येऊन बसल्यासारखी झाली. दाराबाहेर चपला निघायला लागल्या होत्या, आणि गोष्ट कुठली याच्यावरून दोघांचं भांडण जुंपलं होतं.

नीलाताईंनी उठून नळाखाली वाटी घासली, पदराने कोरडी केली आणि खिडकीच्या कट्ट्यावर पालथी घातली, रस्त्यावरून दिसेल अशी.